करार संपेपर्यंत थांबणं परवडतं कुणाला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या क्रीडा पानावर युरोपातल्या फुटबॉलच्या बदल्या, म्हणजे एका क्लबने दुसऱ्याला पैसे मोजून खेळाडू घेण्याचे व्यवहार, हल्ली नियमित येतात, ही चांगली गोष्ट आहे. पण त्या वाचून आमच्या इंदिरानगरातल्या पोरांनी एक निष्कर्ष काढून ठेवलाय: हे खेळाडू व्यवहारात कच्चे आहेत. करार संपू द्यायचा, जुन्या क्लबला दमडी मिळू द्यायची नाही आणि नव्या क्लबचे वाचलेले पैसे आपल्याच खिशात घालायचे, इतकं सरळ गणित असताना ही मंडळी दोन-दोन वर्षं आधीच जुन्याच क्लबच्या नव्या करारावर सह्या कशाला करतात? माझी हयात विम्याच्या धंद्यात गेली. मला सह्या करणारेच शहाणे वाटतात. आपल्या बातम्यांत ही बाजू येत नाही, म्हणून हे पत्र.

मुळात करार संपल्यावर फुकट जाण्याचा हा हक्क मिळाला तो बेल्जियमच्या जाँ-मार्क बोस्मनमुळे. १९९० मध्ये त्याचा लिएज क्लबबरोबरचा करार संपला आणि त्याला फ्रान्समधल्या डंकर्कला जायचं होतं. करार संपूनही लिएजने पैसे मागितले आणि जाणं फिसकटलं. तो कोर्टात गेला. १५ डिसेंबर १९९५ रोजी युरोपीय न्यायालयाने निकाल दिला की युरोपीय संघातल्या खेळाडूचा करार संपल्यावर दुसऱ्या सदस्य देशात जाण्यासाठी क्लबला पैसे मागता येणार नाहीत. आता फिफाच्या नियमानुसार करार संपायला सहा महिने उरले की खेळाडू दुसऱ्या क्लबशी आगाऊ करार करू शकतो. मॅकमॅनमन १९९९ मध्ये, सोल कॅम्पबेल २००१ मध्ये, बालाक २००६ मध्ये, लेवांडोवस्की २०१४ मध्ये, एम्बापे २०२४ मध्ये असेच गेले. निकालाला तीस वर्षं झाली, तरी बड्या खेळाडूंची अशी यादी करायला एक पानही पुरून उरतं.

गंमत अशी की एका देशातून दुसऱ्या देशात होणाऱ्या बदल्या पाहिल्या, तर त्यांतल्या निम्म्याहून अधिक करार संपलेल्या खेळाडूंच्याच असतात. पण ते बहुतेक गरीब लीगमधले, ज्यांच्यासाठी पैसे मोजायला कुणी तयार नसतं. त्यांनी करार संपवलेला नसतो, तो त्यांच्यावर संपलेला असतो. फिफप्रो या खेळाडूंच्या संघटनेने २०१६ मध्ये पाहणी केली, तेव्हा सरासरी करार दोन वर्षांचाही भरला नव्हता आणि दहापैकी चार खेळाडूंचे पगार रखडलेले होते. तेव्हा ज्यांना हा डाव परवडतो तेच तो खेळत नाहीत, असं का, हा खरा प्रश्न आहे.

आपल्याकडच्या माणसाला हे निराळं समजवावं लागू नये. निफाड-दिंडोरीकडे द्राक्षबाग तयार असते, व्यापारी बांधावर येऊन भाव सांगतो. आणखी पंधरा दिवस थांबलं तर किलोमागे चार रुपये जास्त मिळतील, हे शेतकऱ्यालाही कळतं. पण एक अवकाळी झाली, मणी तडकले, की तोच व्यापारी फोन उचलत नाही. म्हणून बहुतेक जण इसार घेऊन मोकळे होतात. फुटबॉलपटूची अवकाळी म्हणजे गुडघा.

आता हिशेब करून बघा. समजा, एखाद्याला आठवड्याला १ लाख पौंड मिळतात आणि करार संपायला दोन वर्षं आहेत. क्लब म्हणतो, आजपासून १ लाख ६० हजार घे आणि पाच वर्षांची सही कर. तो नाही म्हणाला, तर १०४ आठवड्यांत त्याचे ६२ लाख ४० हजार पौंड जागच्या जागी बुडाले. दोन वर्षांनी नवा क्लब सहीपोटी जी रक्कम देईल, तिने आधी हा खड्डा भरायचा, त्यातून एजंटचा वाटा जायचा आणि मग उरलं तर फायदा. शिवाय ही दोन वर्षं धड खेळायला मिळेल याची हमी नाहीच.

आद्रियां राबियोचं उदाहरण घ्या. पॅरिसच्याच अकादमीत घडलेला मुलगा. पॅरिस सँ-जर्मांबरोबरचा करार वाढवायला त्याने नकार दिला, तेव्हा डिसेंबर २०१८ नंतर क्लबने त्याला एकाही सामन्यात उतरवलं नाही. पगार चालू, खेळणं बंद. ऐन चोविशीतले सहा महिने असेच गेले. त्याला पुढे इटलीच्या युव्हेंटसने घेतलं, हे त्याचं नशीब. एम्बापेलाही २०२३ च्या उन्हाळ्यात त्याच क्लबने जपान दौऱ्यातून वगळलं होतं आणि तो गेल्यावर साडेपाच कोटी युरोंच्या थकबाकीचा वाद कोर्टात गेला. जगातल्या सर्वांत महागड्या पायांची ही गत, तर बाकीच्यांनी काय हिंमत करावी?

आर्सेनलच्या आरन रॅम्सीने फेब्रुवारी २०१९ मध्ये युव्हेंटसशी आगाऊ करार केला आणि एप्रिलमध्ये नापोलीविरुद्ध त्याच्या मांडीचा स्नायू दुखावला. सही दोन महिने आधी झाली होती म्हणून निभावलं. गोलरक्षक डेव्हिड डे हेया तर सांगण्यासारखाच आहे. २०२२-२३ मध्ये इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधला सर्वाधिक क्लीन शीटचा, म्हणजे एकही गोल न खाता संपवलेल्या सामन्यांचा, गोल्डन ग्लोव्ह त्याने जिंकला, त्याच उन्हाळ्यात मँचेस्टर युनायटेडबरोबरचा करार संपला आणि पुढचं अख्खं वर्ष तो घरी बसला. फिओरेन्तिनाने त्याला घेतलं ते ऑगस्ट २०२४ मध्ये. मोकळा झालेला खेळाडू दारात उभा आहे म्हणून सगळे धावत येतात, हा समज पोरांनी डे हेयाला विचारून तपासावा.

क्लबही काही झोपलेले नसतात. ज्याला विकत घेण्यासाठी ८ कोटी युरो मोजले तो क्लबला दमडी न मिळता निघून गेला, तर मालक कुणाच्या तोंडाकडे बघणार? म्हणून शेवटची दोन वर्षं उरली की क्लब एक तर करार वाढवतो, नाहीतर विकून टाकतो. टॉटनहॅमने हॅरी केनला एक वर्ष उरलेलं असताना २०२३ मध्ये जर्मनीच्या बायर्नला विकलं, ते सुमारे १० कोटी युरोंना. त्यांचाच एरिकसेन सहाच महिने उरलेले असताना जानेवारी २०२० मध्ये इटलीच्या इंटरला गेला, तर मिळाले जेमतेम २ कोटी. म्हणजे करार संपत आला एवढ्यानेच खेळाडूचा धाक चालतो, तो संपवून दाखवावा लागत नाही. आणि आधीच मोकळं व्हायचं असेल तर करारात सुटकेची रक्कम घालून घेता येते; ती भरली की क्लबला खेळाडू सोडावाच लागतो. स्पेनमध्ये तर ती असतेच. नेमार २०१७ मध्ये २२ कोटी २० लाख युरोंच्या याच कलमाने बार्सिलोनातून बाहेर पडला. आज पगारवाढ, गुडघ्याला आधार आणि दाराची किल्लीही खिशात.

एक भाग पैशापलीकडचा आहे, तोही थोडक्यात सांगतो. ट्रेंट अलेक्झांडर-आर्नल्ड लिव्हरपूलचाच, लहानपणापासून त्याच क्लबात वाढलेला. मे २०२५ मध्ये त्याने करार संपवून जातोय असं जाहीर केलं. त्यानंतर आठवडाभरात आर्सेनलविरुद्ध तो बदली खेळाडू म्हणून मैदानात आला आणि अॅनफिल्डवर, म्हणजे लिव्हरपूलच्या घरच्या मैदानात, त्याच्याच लोकांनी त्याची हुर्यो उडवली. लिव्हरपूल तेव्हा चॅम्पियन होऊन बसलं होतं, तरीही. पुढे क्लब विश्वचषकासाठी एक महिना आधी हवा म्हणून त्याच्या नव्या क्लबने, रिअल माद्रिदने, त्याच्यासाठी काही पैसे मोजलेच. त्याच मोसमात लिव्हरपूलच्याच सालाह आणि व्हॅन डाइक यांचेही करार संपत होते. दोघांनी एप्रिलमध्ये, अगदी काठावर येऊन, दोन-दोन वर्षांच्या सह्या केल्या. तिशी ओलांडलेल्या माणसाने आणखी काय करावं? मला तर ते ट्रेंटपेक्षा पक्के व्यापारी वाटले.

एक विनंती आहे. उन्हाळी विंडो, म्हणजे बदल्यांचा ठरलेला काळ, उघडली की आपल्या पानावर कोण कितीला गेला याचे आकडे येतात. त्या आकड्याशेजारी त्या खेळाडूचा आधीचा करार कोणत्या साली संपणार होता, तेवढं एक साल छापत चला. जागा चार अक्षरांची लागेल. केन १० कोटींना का आणि एरिकसेन २ कोटींना का, हे मग पोरांना माझ्याकडे येऊन विचारावं लागणार नाही.

आपला,
एक नियमित वाचक
इंदिरानगर, नाशिक