रॅक सिंथ जोखताना आवाजांचा आकडा बाजूला ठेवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सिंथेसायझरची माहिती कुठेही छापून आली की पहिल्या ओळीत आवाजांचा आकडा असतो. ‘यात ६०० आवाज’, ‘त्यात हजार’. नाटकांचं आणि मालिकांचं पार्श्वसंगीत घरी बसून करणारी तरुण मंडळी आता जुनी रॅक मॉड्यूल्स, म्हणजे कीबोर्ड नसलेली, रॅकमध्ये बसवायची सिंथ, घेऊ लागली आहेत. विकणाराही चार तयार पॅच (जुळवून ठेवलेले आवाज) वाजवून दाखवतो आणि सौदा होतो. ज्याला स्वतःचे आवाज घडवायचे आहेत त्याला या परीक्षेतून काहीच कळत नाही. तयार पॅच कारखान्यातल्या कसबी माणसांनी केलेले असतात आणि त्यावर रिव्हर्बचं, म्हणजे कृत्रिम घुमाऱ्याचं, जाड पांघरूण असतं. विचारायला हवं ते एवढंच: यातली एक साधी वेव्ह, म्हणजे मूळ ध्वनिनमुना, घेतली तर ती किती दूरवर वळवता येते?

रोलँडचं १९९४ सालचं जेव्ही-१०८० हे उदाहरण घेऊ. दोन युनिट उंचीचं हे मॉड्यूल एका वेळी ६४ व्हॉइस (एकत्र वाजणारे ध्वनी) आणि १६ पार्ट (वेगवेगळी वाद्यं) वाजवतं. आत ८ मेगाबाइटची रॉम (कायमची स्मृती) आणि ४४८ वेव्ह आहेत, शिवाय जादा वेव्ह देणाऱ्या एसआर-जेव्ही८० जातीच्या चार एक्स्पान्शन बोर्डांची जागा. एका पॅचमध्ये चार टोन, म्हणजे आवाजाचे थर, असतात. प्रत्येक टोनला स्वतःची वेव्ह, फिल्टर (स्वराची चमक कमी-जास्त करणारा), दोन एलएफओ (संथ झोका देणारे) आणि पिच, फिल्टर व आवाज यांची स्वतंत्र एन्व्हलप (वेळेनुसार चढ-उतार ठरवणाऱ्या) मिळतात. आजच्या मानाने ८ मेगाबाइट म्हणजे काहीच नाही, तरीही प्रोग्रॅमिंगसाठी हे यंत्र अजून शोधलं जातं ते टोनच्या या रचनेमुळे.

१९८८ च्या कॉर्ग एम१आरच्या फिल्टरला रेझोनन्सच (फिल्टर कापतो तिथला उठाव) नाही. १९८९ च्या ई-म्यू प्रोटिअस/१ मध्ये फिल्टरच नाही. वेव्ह जशी रॉममध्ये आहे तशीच बाहेर येते. दोन्ही यंत्रांतले आवाज गोड आहेत, त्यांच्यावर बरंच चांगलं काम झालं आहे. पण ‘मला हा स्वर हळूहळू उघडत न्यायचा आहे’ असं म्हणणाऱ्याने प्रोटिअस/१ घेतलं तर तो पहिल्याच दिवशी अडतो. आवाजांच्या यादीवरून हा फरक कळायला मार्ग नाही.

तपासणी अशी करावी. युटिलिटीमध्ये जाऊन पॅच इनिशियलाइज करा. इफेक्ट, कोरस, रिव्हर्ब तिन्ही बंद. एकच टोन चालू, फिल्टर पूर्ण उघडा. कीबोर्डची व्हेलॉसिटी (पट्टी दाबण्याचा जोर) १०० वर स्थिर करता येत असेल तर करा. आता खालच्या पट्टीपासून वरपर्यंत एकेक पट्टी क्रमाने दाबत जा. प्रत्येक सुराचं वेगळं रेकॉर्डिंग रॉममध्ये मावत नाही, त्यामुळे एकच नमुना काही सूर वर-खाली ताणलेला असतो. दोन नमुन्यांच्या सांध्यावर आवाजाची जात बदलते: एका पट्टीवर बासरी भरीव, लगेच पुढच्या काळ्या पट्टीवर पातळ आणि फुंकर जास्त. सांधे कुठे आहेत ते कागदावर मांडून ठेवा. पुढे टोनची की-रेंज ठरवताना हाच कागद कामाला येतो. नंतर एक सूर २० सेकंद धरून ठेवा. लूप (नमुन्याचा पुन्हा पुन्हा वाजणारा तुकडा) आखूड असेल तर आवाज एका ठरावीक लयीत घुमतो किंवा अगदीच निर्जीव होतो. शेवटी कोर्स ट्यून +२४ (दोन सप्तकं वर) करा आणि वरच्या सप्तकात वाजवा. मूळ सुराशी नातं नसलेली, किणकिणणारी खरखर ऐकू आली तर ती एलियासिंगची, म्हणजे नमुना फार ताणल्याने उमटणाऱ्या खोट्या सुरांची. ती फिल्टरने झाकता येते, पण सगळी जात नाही.

फिल्टरची परीक्षा रेझोनन्स वाढवून आणि कटऑफ (फिल्टर जिथून कापतो ती जागा) कंट्रोलरने अगदी सावकाश, दहा सेकंदांत, खाली आणून होते. मिडी (वाद्यं जोडणारी संदेश-पद्धत) कंट्रोलरला १२८ पायऱ्याच असतात, त्यामुळे कित्येक यंत्रांत जिन्यावरून उतरल्यासारखा आवाज येतो. तसं झालं तर संथ हालचाल एन्व्हलप किंवा एलएफओकडे सोपवावी, ती यंत्राच्या आत घडते आणि सहसा जास्त गुळगुळीत असते.

आपल्या संगीतासाठी मींड तपासायलाच हवी. जेव्ही-१०८० मध्ये बेंडची (चाकाने सूर वाकवण्याची) मर्यादा वर १२ आणि खाली ४८ अर्धस्वर ठेवता येते. पण पुष्कळ कीबोर्डांचं बेंड-चाक प्रत्यक्षात १२८ पायऱ्याच पाठवतं, म्हणजे मध्यापासून एका बाजूला ६४. मर्यादा १२ अर्धस्वर ठेवली की एक पायरी जवळजवळ १९ सेंटची (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग) होते आणि मींड तुटक ऐकू येते. मर्यादा २ ठेवली तर पायरी ३ सेंटची, कानाला सलग. दोष बहुतेक वेळा कीबोर्डचा असतो आणि नाव मॉड्यूलचं खराब होतं.

स्केल ट्यून आहे का, हे तर सर्वांत आधी पाहावं. जेव्ही-१०८० मध्ये बारा सुरांपैकी प्रत्येक सूर −६४ ते +६३ सेंट हलवता येतो. पांढरी एकला सा धरून भूप लावायचा तर रे +४, ग −१४, प +२. ध गायकाच्या लगावाप्रमाणे −१६ किंवा +६. गंधारातले हे १४ सेंट तानपुऱ्यावर ठेवून ऐकावेत, दुसरं काही समजावून सांगावं लागत नाही. अडचण एवढीच की कोष्टक पट्टीच्या नावाने असतं. सा काळी एकवर गेला की सगळे आकडे एक घर सरकवून पुन्हा भरावे लागतात. शिवाय ही मांडणी पॅचमध्ये नसून सिस्टिममध्ये राहते, म्हणून प्रत्येक गाण्याच्या सुरुवातीला ती सिस्टिम एक्स्क्लुझिव्ह संदेशाने (त्या यंत्रापुरत्या मिडी संदेशाने) पाठवणं सोयीचं.

यंत्राची खोली कळायला तानपुऱ्यासारखा आवाज घडवून पाहण्याइतकी चांगली कसोटी नाही. छेडलेल्या तारेची एकच वेव्ह दोन टोनमध्ये घ्या आणि दुसऱ्याचं फाइन ट्यून +३ करा. मंद्रातल्या १३१ हर्ट्झच्या षड्जाला ३ सेंट म्हणजे सुमारे ०.२३ हर्ट्झ, म्हणजे चार-साडेचार सेकंदांत एक हेलकावा. पण त्याच तारेच्या दहाव्या स्वरांशाला (मूळ सुरासोबत वाजणाऱ्या वरच्या सुराला) सेकंदाला दोनाहून जास्त हेलकावे पडतात. खालचा सूर स्थिर आणि वर सतत हलणारी चमक, अशी जवारीची, म्हणजे तानपुऱ्याच्या झंकाराची, चाहूल इथेच लागते. तिसऱ्या टोनला पीकिंग जातीचा (एकच पट्टा उचलून धरणारा) फिल्टर लावून त्याचं शिखर एन्व्हलपने तीन सेकंदांत वरून खाली उतरवा, म्हणजे स्वरांश एकामागून एक उजळत जातात. हे अर्ध्या तासात जमलं तर यंत्र घेण्याजोगं आहे. पडद्यावरच्या दोनच ओळींत पानं उलटून जीव मेटाकुटीला आला तर पुढचं जेव्ही-२०८० पाहावं. त्याचा पडदा मोठा आहे, बोर्डांच्या जागा आठ आहेत.

६४ व्हॉइसचा आकडाही नीट वाचावा. चार टोनचा पॅच एका सुराला चार व्हॉइस खातो, म्हणजे उरतात १६ सूर. लांब रिलीज असलेले सूर एकमेकांवर चढले की जुने तुटू लागतात. अशा वेळी परफॉर्मन्समध्ये (अनेक पार्ट एकत्र लावण्याच्या मांडणीत) महत्त्वाच्या पार्टला व्हॉइस राखून ठेवावेत. दुसरा धक्का इफेक्टचा बसतो. एकटा वाजवताना भारदस्त वाटलेला पॅच परफॉर्मन्समध्ये कोरडा पडतो, कारण १६ पार्ट मिळून इन्सर्ट इफेक्ट एकच आहे. जेव्ही-२०८० मध्ये ते तीन आहेत.

जुनं यंत्र घेताना मागच्या पाटीवरचा व्होल्टेज आधी वाचा. जपानी बाजारासाठीचं मॉड्यूल १०० व्होल्टचं असतं. आपल्या २३० व्होल्टला थेट जोडलं तर पॉवर सप्लाय जळतो. योग्य स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मरचा खर्च किमतीत धरावा. ‘वर्ल्ड’ किंवा ‘एशिया’ एक्स्पान्शन बोर्डावरच्या वेव्ह वापरणारे पॅच सोबत मिळाले आणि बोर्ड नसला, तर ते टोन वाजणारच नाहीत. रोलँडचे नंतरचे एसआरएक्स बोर्ड या यंत्रात बसत नाहीत, नावसाधर्म्याला भुलू नये. व्हॅल्यूची चकती सावकाश फिरवा. आकडा मधेच उलट उडाला तर एन्कोडर झिजला आहे.

आतली सीआर२०३२ बॅटरी संपली की १२८ युजर पॅच जातात. ती बदलण्यापूर्वी बल्क डंप (यंत्रातल्या सगळ्या मांडणीची प्रत) संगणकावर घ्या, आणि घेतलेला डंप लगेच यंत्रात परत पाठवून पाहा. स्वस्त यूएसबी-मिडी केबल मोठे संदेश मध्येच गाळते आणि यंत्र चेकसमची (संदेश अखंड आला का, हे तपासणाऱ्या बेरजेची) तक्रार करतं. संदेशांमध्ये ४० मिलिसेकंदांचं अंतर ठेवलं की बहुतेक वेळा काम होतं. तरीही न जमल्यास दोन्हीकडचा डिव्हाइस आयडी (यंत्राचा ओळखक्रमांक) १७ आहे का ते पाहा. डंप परत चढल्याची खात्री झाल्याशिवाय झाकण उघडू नये.

आपला,
सिंथ प्रोग्रॅमिंग करणारा एक वाचक, पुणे