‘सेंट अँगर’चं कौतुक कानाला पटत नाही

मा. संपादक,
स. न.

आपल्या रविवार पुरवणीत मेटॅलिका या अमेरिकन हेवी मेटल बँडच्या ‘सेंट अँगर’ (२००३) या अल्बमला ‘उपेक्षित राहिलेली श्रेष्ठ कृती’ ठरवलं आहे. पुरावे दोन: अल्बम अमेरिकेत थेट पहिल्या क्रमांकावर गेला आणि शीर्षकगीताला २००४ मध्ये ग्रॅमी मिळालं. दोन्ही खरं आहे. पण मी पंचवटीतल्या एका ढोल पथकात ताशा वाजवतो, कॉलेजात असताना बँडमध्ये ड्रम्स वाजवायचो, त्यामुळे राहवलं नाही.

पहिल्या आठवड्यात चार लाखांहून जास्त प्रती गेल्या. घेणाऱ्यांनी अल्बम ऐकला तरी होता का? आधीचा नव्या गाण्यांचा अल्बम १९९७ चा. इतकी वर्षं ताटकळलेल्या चाहत्यांनी नावावर पैसे मोजले. ही जुनी पुण्याई.

लेखात ड्रम्सच्या आवाजाला ‘धाडसी’ म्हटलंय. स्नेअर ड्रमच्या खालच्या पानाला तारा टेकलेल्या असतात. वर काठी पडली की त्या थरथरतात, म्हणून ‘छर्र’ असा भरीव आवाज येतो. आपल्या लग्नातल्या बँडवाल्यांच्या साइड ड्रमलाही त्या असतात. बाजूचा खटका सोडला की तारा सुटतात आणि मागे राहते नुसती टणटण. बँडचा ड्रमर लार्स उलरिच याला तीच आवडली, त्याने तीच ठेवली, आणि आजवर त्याने हा निर्णय चुकला असं मानलेलं नाही. ठीक, त्याचा ड्रम. पण ११ गाणी, ७५ मिनिटं तेलाचा रिकामा डबा बडवल्यासारखं ऐकायचं म्हणजे जरा अतिच! गोदाघाटावर तालमीला कुणी असा ताशा घेऊन आला, तर आमचे दादा आधी तो ताणून आणायला पाठवतील.

त्यात गिटारचे सोलो, म्हणजे एकट्या गिटारने घेतलेल्या ताना, नाहीत. सोलो गाळले तर अल्बम त्या काळापुरताच वाटेल, असं गिटारवादक कर्क हॅमेट बँडवरच्या २००४ च्या माहितीपटात कळवळून सांगताना दिसतो. त्याचं कुणी ऐकलं नाही. आम्हीही मिरवणुकीत एकच ठेका लांबवतो, पण मध्ये ताशा तोडा घेतो, हात बदलतो, तेव्हा ढोलवाल्यांच्या अंगात पुन्हा येतं. इथे सात-आठ मिनिटं तोच रिफ, म्हणजे गिटारचा छोटा तुकडा, फिरून फिरून येतो. कात्री लावायला कुणीच नव्हतं.

बेस वाजवणारा जेसन न्यूस्टेड सोडून गेलेला, गायक हेटफिल्ड व्यसनमुक्तीसाठी दाखल झालेला, बँड मोडायला आलेला. हे सगळं मान्य, माहितीपट पाहून मीही हळहळलो. पण म्हणून गाणी चांगली होत नाहीत.

खपाशी माझं वाकडं नाही. त्यांचा १९९१ चा काळ्या कव्हरचा अल्बम एकट्या अमेरिकेत दीड कोटीहून जास्त खपला. निर्माता तोच, बॉब रॉक. त्यातला स्नेअर नुसता ऐकून बघा. ३० ऑक्टोबर २०११ ला बंगळूरला त्यांच्या कार्यक्रमात मी गर्दीत होतो. त्या रात्री ‘सेंट अँगर’मधलं एकही गाणं बँडने वाजवलं नाही.

पुरवणीत संगीतावर लिहिता याचा आनंद आहे. फक्त खपाचे आकडे मथळ्यात न देता लेखाच्या तळाशी द्यावेत, एवढी विनंती.

आपला,
एक ताशावादक वाचक, पंचवटी, नाशिक