आईशी बोललात, त्याबद्दल

आदरणीय डॉक्टर मॅडम,

सप्रेम नमस्कार. उपचार दादावर झाले, पण हे पत्र मी आईसाठी लिहितेय.

बाबा शेहेचाळिसाव्या वर्षी हार्ट अटॅकने गेले. भेटायला येणारा प्रत्येकजण जेवणावर बोट ठेवायचा. "मटण-रस्सा जरा कमी असता तर..." ऐकून घ्यायला आईच असायची. ती कधी उलटून बोलली नाही. स्वतःच्या ताटात तूप घेणं मात्र तिने कायमचं सोडलं.

दादा दरवर्षी तपासण्यांचं मोठं पॅकेज करायचा. पानंच्या पानं रिपोर्ट, खाली "नॉर्मल". वडील कितव्या वर्षी, कशाने गेले, एवढं तिथे कुणीही विचारलं नाही. तो राग अजून गेलेला नाही.

तुम्ही आधी तेच विचारलंत आणि लायपोप्रोटीन-ए, म्हणजे रक्तात कोलेस्टेरॉल वाहून नेणारा एक कण, त्याची तपासणी करायला सांगितलंत. डेसिलिटरमागे ५० मिलिग्रॅमच्या वर गेलं की धोका. दादाचं ११८ निघालं. कोलेस्टेरॉलच्या नेहमीच्या तपासणीत हे कळतच नाही! साधारण पाचातल्या एकाला ते वाढलेलं असतं आणि आयुष्यात एकदा तपासलं तरी बहुतेकांना पुरतं. कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने २०२४ साली हीच शिफारस केलीय. मग एवढ्या लांबलचक पॅकेजमध्ये या एका तपासणीला जागा का नसावी? तुमच्या सांगण्यावरून आत्याचंही रक्त तपासलं. तिचंही वाढलेलं.

त्या दिवशी बाहेर पेशंट खोळंबले होते. दादाची गोळी, एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, ७०च्या खाली आणायचं, सगळं सांगून झालं होतं. आई कोपऱ्यात पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती. तुम्ही पेनाला टोपण लावलंत, खुर्ची तिच्याकडे वळवलीत. "काकू, हे काकांच्या घराण्यातून रक्तातच आलेलं दिसतंय. खाण्यापिण्याने ते फारसं वाढत नाही नि उतरतही नाही. तुम्ही स्वतःला दोष देऊ नका." आईने "खरंच?" विचारलं. तुम्ही सगळं पुन्हा, तितक्याच सावकाश सांगितलंत.

तिने तुम्हाला काहीच सांगितलं नव्हतं. तुम्हाला कसं कळलं, हे मला अजून उमगलेलं नाही. शिकलेले डॉक्टर पुष्कळ भेटले. समोरच्या माणसाकडे असं बघणारं कुणी भेटलं नव्हतं.

येत्या आठवड्यात आत्याची मुलं तुमच्याकडे येतील. आत्याही बरोबर असेल. आपल्यामुळे मुलांना हे आलं, असं तिने मनाला लावून घेतलंय. तिच्याशीही बोलाल ना?

तुमची कृतज्ञ,
दादाची धाकटी बहीण