शेपूट कापा म्हणतात

मन्या,

इतके महिने गप्प होतो त्याच्या शिव्या भेटल्यावर दे. तब्येत बरी आहे, पाठ दुखते, ती दुखणारच. हे लिहितोय ते वेगळ्याच कारणासाठी, दुसऱ्या कोणाला सांगून उपयोग नाही.

मुलांच्या पुस्तकासाठी मार्जारकुळातल्या प्राण्यांची चित्रं करतोय. संपादक म्हणतात, शरीर एकच काढा, वरची कातडी बदलत जा, पोरांना काय कळतंय! मी म्हटलं अहो हिमबिबट्याची शेपूट जवळपास १ मीटर असते, कड्यावरून उडी मारताना तोल तीच सांभाळते, थंडीत झोपला की तोंडावर गुंडाळून घेतो. तर म्हणे पानात बसत नाही, कापा. शेपूट कापा!! बापूसर असते तर डस्टर फेकून मारला असता.

बरं, कान? सर्व्हल, तो आफ्रिकेतला लांब तंगड्यांचा रानबोका, उंच गवतातला उंदीर नुसत्या आवाजावर हेरतो म्हणून त्याचे कान डोक्यावर हे एवढाले उभे. सॅण्ड कॅट उघड्या वाळूत राहते, आडोसा नाही, तिचे कान पार खाली बाजूला, जमिनीला चिकटून बसली की वर काही डोकावतच नाही. एकाच डोक्यावर दोन्ही कसे बसवू? तिच्या तळव्यांना तापलेली वाळू भाजू नये म्हणून बोटांमधून केस वाढून गाद्या झाकून टाकतात, ते केस मी एकेक करून काढले, तर शेरा आला, "पाय मळलेले वाटतात."

हो, चित्ताही आहे. तुझं ते "कुत्र्याचे पाय लावलेलं मांजर" मी विसरलेलो नाही. नखं आत जातात रे त्याची, फक्त वर कातडीचं म्यान नाही म्हणून दिसत राहतात, पळताना जमीन धरायला बरी. तो वाद मीच जिंकलो होतो, सुम्याला विचार.

खरी काळजी पुढेच आहे. काल चिडून सर्व्हलचं शरीर कॉपी केलं आणि वर लामचित्त्याच्या कातडीवरचे ढगांसारखे डाग टाकले. म्हणजे आखूड पायांचा, घोटे वळवून खोडावरून डोकं खाली करून उतरणारा प्राणी, त्या लांब तंगड्यांवर! आणि मन्या, छान दिसत होता. घरात कोणालाच काही खटकलं नाही. आता भांडू कोणत्या तोंडाने? पैसे हवेत, आणि मी सोडलं तर दुसरा कोणी दोन दिवसांत सगळं उरकून देईल.

तुझी बदली झाली का? वहिनींना नमस्कार, छोटीचे दात आले का पुन्हा? सोमवारी त्यांना हो-नाही कळवायचंय, त्याआधी फोन कर. चित्त्यावरून सुरुवात केलीस तर कट करीन.

तुझा,
बंड्या