चालू अ‍ॅपलाच विचारायला लावणाऱ्या ताईंना

ताई,
सप्रेम नमस्कार.

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही ‘असू दे गं’ म्हणून विषय बदलता. म्हणून हे चारचौघांत लिहितेय.

ऐन द्राक्ष हंगामात आमच्या एका निर्यातदार ग्राहकाने विचारलं, तुमच्या पोर्टलमध्ये लॉग४जेची (प्रोग्रॅमच्या कामाच्या नोंदी ठेवणाऱ्या जावा लायब्ररीची) कोणती आवृत्ती चालते, लेखी द्या. डिसेंबर २०२१ मध्ये त्यात सापडलेल्या लॉग४शेल या गंभीर सुरक्षा-त्रुटीनंतर हा प्रश्न रास्तच. पॉम फाइलीत, म्हणजे कोणत्या लायब्रऱ्या हव्यात ते लिहिलेल्या फाइलीत, २.१७.१ होतं. अंबडच्या ऑफिसात सगळ्यांचं मत पडलं, तेच कळवून टाकू. तुम्ही एवढंच म्हणालात, “फाइलीत लिहिलंय ते सांगतेस, की सर्व्हरवर चालतंय ते?”

पॉममध्ये लायब्ररीचा स्कोप ‘प्रोव्हायडेड’ (सर्व्हरच पुरवेल असा) असेल तर ती वॉर फाइलीत, म्हणजे अ‍ॅपच्या गठ्ठ्यात, जातच नाही; अ‍ॅप चालवणाऱ्या टॉमकॅट सर्व्हरच्या लिब फोल्डरमध्ये पडलेली जार (लायब्ररीची फाइल) उचलली जाते, हे तुम्ही सांगितलंत. आमचा स्कोप नेमका तोच. आणि ती जार तिथे कुणी, कधी ठेवली, हे अर्थातच कुणाला आठवत नव्हतं!

मग तुम्ही चालू अ‍ॅपलाच दोन प्रश्न विचारायला लावलेत. लॉग४जेच्या एखाद्या क्लासच्या (कोडच्या तुकड्याच्या) पॅकेजला ‘इम्प्लिमेंटेशन व्हर्जन’ विचारायचं आणि कोड सोर्सवरून तो क्लास कुठल्या जारमधून लोड झाला ते काढायचं. तेही एपीआयच्या (नुसत्या दर्शनी भागाच्या) नव्हे, कोअरच्या (प्रत्यक्ष काम करणाऱ्या भागाच्या) क्लासला. मला हे सुचलं नसतं. उत्तर आलं २.१६.०. म्हणजे लॉग४शेलचं भोक बुजलेलं, पण २.१७.० आणि २.१७.१ मधल्या दुरुस्त्या नाहीत. जार बदलली, टॉमकॅट रीस्टार्ट केला, पुन्हा विचारलं आणि मगच ग्राहकाला लिहून दिलं.

दोन-तीन लायब्रऱ्यांनी आवृत्तीऐवजी ‘नल’, म्हणजे काहीच नाही, असं उत्तर दिलं. मी वैतागले, तर तुम्ही म्हणालात, मॅनिफेस्टमध्ये (जारच्या आतल्या माहितीपत्रकात) नोंदच नसेल; त्याच जारमधल्या मेटा-इन्फच्या मेव्हन फोल्डरमधली पॉम प्रॉपर्टीज ही फाइल वाच. पेटीवरच्या नोंदीवरून द्राक्षं कुठल्या प्लॉटची ते काढतात, तसंच हे, असंही वर. निफाडची माहेरवाशीण, दुसरं काय बोलणार!

आता अ‍ॅडमिनमध्ये लायब्रऱ्यांच्या आवृत्त्यांचं एक पान आहे, तुमच्या ताकिदीप्रमाणे लॉगिनच्या आत. जुन्या आवृत्त्यांची यादी उघड्यावर ठेवणं म्हणजे चोराला वाट दाखवणं, हे मॅनेजरसाहेबांनाही तुमच्याच शब्दांत ऐकवलं. त्यांनी पान ग्राहकांसाठी खुलं करायचा हट्ट सोडलाय, निदान सध्या तरी.

तुमची,
अंबडच्या जावा टीममधली धाकटी