रिव्हर्सचा दिवा लावून देणाऱ्या चाचांना

आदरणीय चाचा,
सप्रेम नमस्कार.

समोर येऊन आभार मानायला गेलो की तुम्ही "जा की आता, गिऱ्हाईक थांबलंय" म्हणून वाटेला लावता. म्हणून हे चारचौघांसमोर लिहितोय. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची पोती वाहणारी माझी पिकअप मागे घेताना आता पांढरा उजेड पडतो आणि भोंगाही वाजतो. दोन्ही बंद पडलं होतं, ते दुरुस्तीचं काम तुम्ही केलंत, आणि कसं केलंत तेही लोकांना कळावं असं मला वाटतं.

हळदीच्या हंगामात यार्डात पहाटेपासून गाड्या लागतात. अडत दुकानाला गाडीची मागची बाजू लावायची म्हणजे रिव्हर्स आलाच, आणि मागे हमाल असतातच. पाठीवर पोतं घेतलेल्या माणसाला मान वर करता येत नाही. त्याची नजर पायापुढच्या जमिनीवर असते. गाडी मागे येतेय हे त्याला कळतं ते त्या जमिनीवर पडलेल्या पांढऱ्या उजेडावरून, आणि भोंग्यावरून. माझ्या गाडीचं दोन्ही बंद पडलं तेव्हापासून मागे माणूस उभा केल्याशिवाय मी गाडी हलवली नाही, तरी छातीत धडधडायचं. १ जुलै २०१९ पासून नव्या कारगाड्यांना रिव्हर्स सेन्सर सक्तीचे झाले. आमच्या जुन्या मालगाडीच्या मागे उभ्या असलेल्या माणसाला मात्र हे दोन दिवे आणि तो भोंगा, एवढाच आधार.

आधी एका गॅरेजला दाखवलं होतं. तिथं बल्ब बदलले, मग होल्डर बदलले, आणि शेवटी मागची सगळी वायरिंग नवी टाकावी लागेल म्हणून मोठा आकडा सांगितला. तुम्ही पाना हातात घ्यायच्या आधी एकच विचारलंत, "भोंगा वाजतोय का?" नाही म्हटल्यावर म्हणालात, "दोन्ही दिवे आन् भोंगा एकदम मरत नसत्यात. तिघांना जिथनं करंट येतोय तिथं बघायचं." चाचा, सगळा उलगडा त्या एका प्रश्नात होता.

मग तुम्ही एकेक पायरी उतरत गेलात. चाकाला दगड, हँडब्रेक, चावी ऑन पण इंजिन बंद, गिअर रिव्हर्समध्ये. फ्यूज काढून बघितला, चांगला निघाला. खाली पुठ्ठा अंथरलात आणि मलाही आत बोलावलंत. गिअरबॉक्सच्या अंगाला, वाळलेल्या चिखलाखाली, षटकोनी बुडाचा एक लहान स्वीच आणि त्यावर दोन वायरींचा कपलर, म्हणजे वायर जोडायचा प्लग. मी नुसता बघत राहिलो असतो, पण तुम्ही बोटानं दाखवलंत: "शेजारचा हाय तो स्पीडोमीटरचा, त्याला हात लावू नको. गिअरचे दांडे जिथं आत शिरत्यात त्या बाजूला दोन वायरींचा शोधायचा." आत बारीक खिळी असते, रिव्हर्स टाकला की आतला दांडा ती दाबतो, दोन्ही पिना जुळतात आणि मागे करंट जातो, हेही तिथंच पडल्या पडल्या समजावलंत. ही गाडी इतकी वर्षं चालवतोय, पण हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

कपलर काढून टेस्ट लॅम्प लावलात. एका पिनवर करंट होता. मग वायरचा बोटभर तुकडा घेऊन कपलरच्या दोन्ही पिना जोडल्यात आणि ओरडलात, "बघ मागं!" मागच्या भिंतीवर दोन्ही दिव्यांचा उजेड पडला होता आणि भोंगा केकाटत होता. एवढ्याशा तुकड्यानं बल्ब, होल्डर, अर्थिंग आणि मागची सगळी वायरिंग निर्दोष सुटली. जी वायरिंग मी नवी टाकायला निघालो होतो, ती!

तरी तुम्ही घाई केली नाहीत. मीटर लावून स्वीच तपासलात. रिव्हर्समध्ये मीटर वाजायला हवा होता, वाजला नाही. गिअरबॉक्स गार असल्याची खात्री केलीत, खाली ट्रे ठेवलात, कारण स्वीच निघाला की तिथून गिअर ऑईल गळतं. काढलेला स्वीच माझ्या हातात दिलात. टोकाची खिळी जागीच अडकली होती, अंगठ्यानं दाबली तरी हलेना. दुकानातून आणलेला नवा स्वीच जुन्याशेजारी धरून आटे, लांबी, पिना, सगळं जुळवून बघितलंत. नवा वॉशर घातलात. पहिले आटे हातानंच बसवलेत, आणि पान्यानं आवळताना म्हणालात, "खोकं ॲल्युमिनियमचं हाय, जोर केला तर आटे जातील, मग रडत बसायचं." कपलरच्या पिनांवर हिरवट गंज चढला होता. तो घासून काढलात, वायर सायलेन्सरपासून लांब घेऊन क्लिपनं बांधलीत आणि ऑईलची पातळी बघून कमी झालेलं भरलंत. यातलं शेवटचं कुणी बघत नाही, म्हणून मुद्दाम लिहितोय.

आणखी एका गोष्टीसाठी तुमचे आभार. यार्डातल्या एका मित्रानं सुचवलं होतं की डॅशबोर्डवर वेगळं बटण बसवून घे, स्वस्तात भागतंय. मी ते तुम्हाला बोललो तेव्हा तुम्ही स्पष्ट नाही म्हणालात. बटण लावायचं ड्रायव्हरनं लक्षात ठेवायचं, आणि एखाद्या रात्री ते बंद करायचं राहिलं की पुढे चाललेल्या गाडीचा मागचा पांढरा दिवा जळत राहणार. मागून येणाऱ्याला वाटणार गाडी उलटी येतेय. कमी पैशात होणारं काम तुम्ही नाकारलंत, आणि मला ते अगदी पटलं.

पैसे घेतलेत ते स्वीचचे, वॉशरचे, ऑईलचे आणि तुमच्या मजुरीचे. जुना स्वीच मी टूलबॉक्समध्ये ठेवलाय. रिव्हर्सचा दिवा लागत नाही म्हणणारा कुणी भेटला की त्याला तो दाखवतो आणि आधी भोंग्याचं विचारतो. सांगलीच्या हळदीला २०१८ साली जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा अभिमान आम्हा सगळ्यांनाच आहे. ती हळद ज्यांच्या पाठीवरून गाडीत चढते आणि उतरते, त्या माणसांची काळजी तुम्ही गाडीखाली पडून घेतलीत. आमच्या दुकानातल्या हमालांनीही तुम्हाला नमस्कार सांगितलाय. त्यांच्यातल्या वयानं मोठ्या मामांनी तर उजेड बघून मला विचारलं, "कुठल्या मिस्त्रीनं केलं?" मी तुमचं दुकान सांगितलंय.

पावसाळ्याआधी गाडी घेऊन येतोच. कपलर पुन्हा एकदा उघडून बघू, आणि उजव्या बाजूचा ब्रेक लाईट मधूनच फडफडतोय, तोही दाखवायचाय. त्या दिवशी चहा माझ्याकडून, नाही म्हणायचं नाही.

आपला,
मार्केट यार्डातला पिकअपवाला, सांगली