‘मदरबोर्ड गेलाय’ म्हणण्याआधी तपासा तरी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आमच्याकडे 2016 सालचा लॅपटॉप आहे, मुलीच्या इंजिनिअरिंगला घेतलेला, आता त्यावर मी शिकवणीचे पेपर टाईप करते. दिवाळीनंतर स्क्रीनवर हिरव्या-जांभळ्या उभ्या रेघा यायला लागल्या आणि मधेच लॅपटॉप बंदच पडायचा, एकदा तर अख्खी प्रश्नपत्रिका गेली. टिळक रोडवर एका दुकानात दाखवला तर पाच मिनिटंही नीट न बघता म्हणाले, मॅडम मदरबोर्ड (लॅपटॉपचा मुख्य सर्किट बोर्ड) गेलाय, 14 हजार लागतील, त्यापेक्षा नवीनच घ्या. पोटात गोळाच आला माझ्या.

घरी भाच्याने एवढंच केलं, एचडीएमआय केबल लावून लॅपटॉप टीव्हीला जोडला. टीव्हीवर चित्र स्वच्छ आणि त्याच वेळी लॅपटॉपवर रेघा! मदरबोर्डवरची, चित्र तयार करणारी ग्राफिक्स चिप बिघडली असती तर रेघा टीव्हीवरही दिसल्या असत्या ना. बरं, चालू करताना कंपनीचा लोगो येतो तेव्हापासूनच रेघा असायच्या, तेव्हा विंडोज सुरूही झालेलं नसतं, म्हणजे ड्रायव्हरचा (विंडोजमधून स्क्रीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा) संबंध नाही. मग झाकण हळूच मागेपुढे केलं तर एका ठरावीक कोनात रेघा गायब.

शेवटी ओळखीच्या एका रिपेअरवाल्याने माझ्यासमोर लॅपटॉप उघडला. बिजागरीतून स्क्रीनकडे जाणारी बारीक केबल, उघडझाप करून करून तिचं काळं आवरण घासलं गेलेलं आणि आतली तांब्याची तार चक्क दिसत होती. बंद पडायचं कारण वेगळंच निघालं. विंडोजमधलीच मेमरी टेस्ट लावली तर एरर आला, मग रॅमच्या (मेमरीच्या) दोन पट्ट्यांपैकी एकेक काढून चालवून पाहिलं, एक खराब. फॅनच्या जाळीत धुळीचा जाड थर होता तो वेगळाच (आमच्या रस्त्यावर सततची खोदाई, दुसरं काय होणार). केबल, रॅम, सफाई सगळं मिळून 3100 रुपये.

विंडोज 10 चा सपोर्ट (कंपनीकडून नियमित मिळणारे सुरक्षा अपडेट) 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, तेव्हापासून तर जुनं टाकून द्या हा सल्ला जिथेतिथे मिळतो. पण सपोर्ट संपणं वेगळं आणि केबल तुटणं वेगळं, दोन्ही एकत्र करून गिऱ्हाइकाला घाबरवू नये.

दुकानदारांना कळकळीने सांगते, मदरबोर्डचं नाव घेण्याआधी दुसरा मॉनिटर जोडून दाखवा, दोन मिनिटांचं काम आहे, आणि काढलेला पार्ट गिऱ्हाइकाच्या हातात द्या. वाचकांनी दुरुस्तीला द्यायच्या आधी फाइल्स पेनड्राइव्हवर घ्याव्यात, आणि बॅटरी फुगलेली दिसली तर चार्जिंग तिथेच थांबवावं. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 2022 मध्ये ‘राइट टू रिपेअर’ (दुरुस्तीचा हक्क) पोर्टल सुरू केलंय, तेही बघावं.

तुमच्या पुरवणीत नवीन लॅपटॉप कोणता घ्यावा हे नेहमी येतं, जुना घरी कसा तपासावा यालाही अर्धा कॉलम द्या. माझ्या शिकवणीतल्या कितीतरी मुलांच्या घरी मोठ्या भावंडाचा जुना लॅपटॉपच आहे, त्यांच्या आईवडिलांना 14 हजार कुठून आणायचे?

– एक शिकवणीवाली बाई, कर्वेनगर, पुणे